खिशातली गोळ्यांची पट्टी

तासगाव, सोमवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत कमरेत आत घ्यायला म्हणून तू पँट ठेवून गेलास. काल ती मशीनवर घेतली, तर खिशात पित्ताच्या गोळ्यांची पट्टी निघाली. दहातल्या तीनच शिल्लक. वहीत तुझं गेल्या वर्षीचं माप काढून बघितलं. कंबर 34. आता 32 करायला सांगितलीस. मुद्दाम उपाशी राहून बारीक होणारा तू नव्हेस. फोनवर तू विषय टाळशील, म्हणून लिहायला बसलो.

मी अकरा वर्षं हेच केलं. दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं, जेवण झालं की तट्ट फुगायचं, पहाटे बरगड्यांच्या मधोमध आग उठायची. पित्त झालंय म्हणायचं, मेडिकलमधून गोळी आणायची, चार दिवस बरं. त्यातच मशीनवर वाकून कंबर धरली की दुखण्याची गोळी, तीही नुसत्या चहावर. ती गोळी दुखणं थांबवते, पण जठराला आतून जपणारा बुळबुळीत थर ज्याच्या जोरावर टिकतो, ते द्रव्यही अडवते. मग जठराचं आम्ल जठरालाच लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

शेवटी मिरजेला दुर्बीण टाकली. घशात फवारा मारून बधिर केलं, नळी आत गेली आणि पडद्यावर पोटाचं आतलं दिसायला लागलं. डॉक्टर ‘अस्तर’ म्हणाले. आयुष्य कोटांना अस्तरं लावण्यात गेलेलं, त्यामुळे मला दुसरं काही समजवावं लागलं नाही. ते फिकट गुलाबी, तुळतुळीत हवं. माझं जागोजागी लालभडक, सुजलेलं. त्यांनी तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून पिवळ्या औषधात टाकला. मी उठून बसलो, तोंड पुसलं, चपला घातल्या, तोवर ते पिवळं गुलाबी झालेलं. जंतू आहे, म्हणाले.

हेलिकोबॅक्टर पायलोरी त्याचं नाव. तो स्वतःभोवती अमोनिया तयार करतो, त्यानं आम्ल मारतो आणि अस्तरात वर्षानुवर्षं राहतो. औषधाचा रंग बदलतो तोही त्या अमोनियामुळेच. आम्लात जंतू जगूच शकत नाही, असं डॉक्टर लोकही मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरांनी 1984 साली तो जंतू स्वतः पिऊन पाहिला. थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीत अस्तराला सूज दिसली. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं. तुझी आई अजून तिखटाला दोष देते. तिखटानं आग वाढते हे खरं, पण माझ्या सुजेचं मूळ तिखटात नव्हतं.

तुझ्या आत्याचं वेगळं. तिचं शरीर स्वतःच्याच जठरावर उलटलंय, त्यामुळे बी-12 अंगी लागत नाही. तिचे तळपाय बधिर झाले ते त्यामुळेच. तिला इंजेक्शनं कायमची. म्हणून सांगतो, सगळ्यांच्या पोटाला एकच गोळी चालत नाही.

मला चौदा दिवस चार औषधं दिली. तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव, आणि शौचाला काळं. मी घाबरलो, पण त्यातल्या बिस्मथमुळे तसं होतं म्हणाले. (असलं औषध चालू नसताना डांबरासारखं काळं झालं तर मात्र ते रक्त असू शकतं. तेव्हा थांबू नकोस, रात्र असली तरी दवाखाना गाठ.) सहाव्या दिवशी मला एवढं बरं वाटलं की औषध सोडणार होतो. तुझी आई रोज गोळ्या मोजत होती म्हणून पूर्ण झालं. अर्धवट सोडलं की उरलेला जंतू पुढे औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. पुढे दोन महिन्यांनी फुंकरीची तपासणी केली, जंतू गेलेला निघाला. सूज उतरायला मात्र आणखी बरेच महिने लागले.

हा जंतू बहुधा लहानपणीच घरातल्या घरात लागतो. तू माझ्या ताटात जेवून वाढलास. माझ्या जंतूबद्दल कळलं तेव्हाच तुझी तपासणी करायला हवी होती, ती मी केली नाही. तो राहिला तर अस्तर विरत जातं, अल्सर होतो, काहींना पुढे कर्करोगसुद्धा होतो. तुला होईल असं मी म्हणत नाही. पण कंबर दोन इंच उतरलीय.

पोटाच्या डॉक्टरांची वेळ घे. वजन उतरलंय हे आधी सांग, मानेसाठी घेतोस त्या दुखण्याच्या गोळ्याही सांग, लपवू नकोस. पित्ताच्या गोळ्या चालू असल्या तर जंतू तपासणीत लपून राहतो, म्हणून त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. कधीपासून थांबवायच्या ते त्यांनाच विचार. उरलेल्या तीन मी इथंच ठेवून घेतल्यात.

पँट 32 ची केलीय, पण आतलं कापड कापलेलं नाही. परत सोडता येईल.

तुझे,
बाबा