मनीषास, घराच्या कागदाबद्दल

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू, तुम्ही दोघं मिळून घेताय त्या टेक्सासातल्या सॅन अँटोनिओच्या घराचं भराभर सांगत होतीस आणि मी नुसता हं हं करत होतो. रात्री वही घेऊन आकडे मांडले. आई म्हणाली फोनच करा, पण मला हे लिहूनच नीट सांगता येईल.

आधी एक. होणारा जावई अमेरिकन फौजेतून आलेला आहे याचं मला फार समाधान आहे. मी सतरा वर्षं मराठा लाइट इन्फन्ट्रीत काढली. त्याला मिळणारं व्हीए लोन, म्हणजे तिकडच्या माजी सैनिकांच्या खात्याच्या (व्हीए) हमीवरचं घरकर्ज, 1944 च्या जीआय बिल या सैनिकांसाठीच्या कायद्यापासून चालत आलंय. लढाईवरून परतलेल्या पोरांना घर करता यावं म्हणून तिकडचं सरकार बँकेला कर्जाच्या साधारण चौथ्या हिश्श्याची हमी देतं. म्हणून डाउन पेमेंट नाही, मॉर्गेज इन्शुरन्स (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा विमा) नाही. गुडघ्यासाठी त्याला डिसॅबिलिटीचे पैसे मिळतात, त्यामुळे फंडिंग फी, म्हणजे या कर्जावर व्हीए घेतं ती एकरकमी फी, तीसुद्धा माफ. एरवी पहिल्या खेपेला ती कर्जाच्या 2.15 टक्के पडते. हे सगळं त्यानं वर्दीत राहून कमावलंय. तू म्हणालीस, "अण्णा, झीरो डाउनमध्ये घर मिळतंय!" त्या क्षणी मला त्याचा गुडघा आठवला.

आता आकडे. घर जुलैत घेताय, लग्न डिसेंबरात. नवरा-बायको म्हणून घेतलंत तर पूर्ण कर्जाला ती हमी लागू होते. आधी घेतलंत तर तुम्ही दोन वेगळी माणसं, आणि हमी फक्त त्याच्या अर्ध्यापुरती. 4,00,000 डॉलरचं घर धर. तुझा 2,00,000 चा हिस्सा हमीशिवाय राहतो आणि त्या हिश्श्याच्या चौथाईइतकी रक्कम, 50,000 च्या आसपास, बँक बहुधा रोख मागेल. शिवाय अशा जॉइंट फाइलला व्हीएची आधी मंजुरी लागते, आणि सगळे लेंडर (कर्ज देणारे) त्यात पडत नाहीत. तुमच्या एजंटनं झीरो डाउन म्हटलं ते तुम्हाला लग्न झालेलं जोडपं धरून तर नाही ना, हे उद्याच विचार.

हप्त्याचंही तसंच. तुम्ही आपसात अर्धा-अर्धा भराल, पण एक थांबला तर बँक दुसऱ्याकडे पूर्ण मागते. आणि समजा, देव न करो, तुमचं बिनसलं, घर तुझ्याकडे राहिलं. ते कर्ज फिटेपर्यंत त्याची ती हमी तुझ्या घरात अडकून राहील. त्याला दुसरं घर घ्यायचं झालं तर हात आखडता घ्यावा लागेल. हे तुझ्या मनात यायला हवं, त्यानं बोलून दाखवायच्या आधी.

माझी काळी ट्रंक तुला आठवते? बेळगावची, झाकणावर पांढऱ्या रंगात माझा नंबर. तिच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत साताऱ्याच्या फ्लॅटचा कागद आहे. 1996 साली पेन्शनीवर आलो तेव्हा निम्मे पैसे मी घातले. कागदावर नाव एकच, थोरल्या भावाचं. आपल्यात कसला कागद, असं मीच म्हणालो होतो. भाऊ गेला. पोरं वाईट नव्हती, पण त्यांच्यासमोर जो कागद होता त्यात मी नव्हतो. सहा वर्षं मी त्या जिन्याची पायरी चढलो नाही.

म्हणून टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, काय लिहिणार ते आत्ता ठरवा. टेनन्ट्स इन कॉमन, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा वेगळा, असं लिहिलंत आणि त्याचं काही झालं, तर मृत्युपत्र नसताना त्याचा अर्धा हिस्सा त्याच्या घरच्यांकडे जाईल, तुझ्याकडे नाही. मागे राहिलेल्याला पूर्ण घर मिळावं असं वाटत असेल तर टेक्सासात तसा सह्यांचा लेखी करार लागतो. कोण किती भरतो, विकायचं झालं तर पहिला हक्क कोणाचा, हेही त्यात यावं. वकील लेंडरनं सुचवलेला नको, तुमचा तुम्ही शोधा.

माझं मत विचारशील तर डिसेंबरपर्यंत थांबा. 50,000 डॉलर वाचवायला लग्न अलीकडे ओढू नका. ते तुम्हाला हवं तेव्हाच करा. घरं तिथे पुढच्या वर्षीही असतील.

त्या कराराचा मसुदा झाला की मला पाठव. आणि येत्या रविवारी त्याच्या आईला फोनवर घे, मला त्यांच्याशी बोलायचं आहे. त्यांच्या मुलाचा हिस्सा या घरात आहे, त्यांना सगळं माहीत असावं. माझं इंग्रजी सावकाश चालतं, तू मध्ये बस.

तुझे,
अण्णा