ज्या घरात भांडण होत नाही

प्रिय मंजू,

तुझ्या पत्राचं उत्तर राहूनच गेलं. रागावली असशील तर भेटल्यावर बोल. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावंसं वाटेना.

प्रथम वर्षाला समाजशास्त्रात 'कुटुंब' हे प्रकरण चालू आहे. ब्लड आणि वुल्फ या अमेरिकन संशोधकांनी डेट्रॉइट भागातल्या बायकांना विचारलेले ते आठ निर्णय मी वर्गात दिले: नवऱ्याची नोकरी, गाडी, विमा, सुट्टी, घर, बायकोने नोकरी करावी की सोडावी, डॉक्टर, खाण्यावरचा आठवड्याचा खर्च. म्हटलं, घरी हे कोण ठरवतं ते लिहा, नाव घालू नका. (तू म्हणायचीस ना, 'बायकांनाच विचारलं, नवरे काय सुट्टीवर होते?' अजून वर्ग त्यावर हसतो.) कागद घरी आणून वाचले. एकावर आठही ठिकाणी 'दोघं मिळून'. खाली बारीक अक्षरात: 'बाबांना काय पटणार नाही हे आईला ठाऊक असतं. तो विषय ती काढतच नाही.'

आपला अख्खा वाद या दोन ओळींत आहे गं! तुझं म्हणणं, कमावतो त्याचा शब्द चालतो. बायको कमवायला लागली की तिचंही वजन वाढतं. 1960 साली ब्लड आणि वुल्फ यांनीही साधारण तेच मांडलं. मी सत्तेवर लिहिणारा तो अभ्यासक ल्यूक्स धरून बसायचे: सत्ता पुरती मुरली की तक्रार उठतच नाही. मग तू खवळायचीस, 'जिची तक्रारच नाही तिच्यावर अन्याय होतोय हे ठरवणारी तू कोण?' त्यावरून धरलेला अबोला परीक्षा आली तेव्हा कुठे सुटला.

तर आज तास संपल्यावर एक मुलगी थांबली. "मॅडम, खाली दोन ओळी लिहिलेला कागद माझा. आता आईला विचारू का?"

इथे मी अडकले आहे. 'नको' म्हणावं तर शिकवते कशाला? 'विचार' म्हणावं तर त्या बाईने इतक्या वर्षांत बसवलेली घडी विस्कटायची, आणि निस्तरायला मी तिथे नसणार. समाजशास्त्रज्ञ होकशील्डने 1989 साली लिहिलेलं ते जोडपं आठवतं? वरच्या मजल्याचं काम तिचं, खालच्याचं त्याचं. वर स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, सगळा संसार, खाली गॅरेज. शिवाय कुत्रा त्याच्याकडे. आणि दोघंही याला निम्मं-निम्मं म्हणत! ती खुळी नव्हती. ताणलं तर लग्न मोडेल, हे तिने ओळखलं होतं. मला आताशा वाटतं, मोडलं तर जास्त कुणाचं जातं यावरच घरातली सत्ता ठरते; पगार हा त्यातला एक भाग. म्हणजे थोडी तू बरोबर होतीस. थोडीच. आणि आपल्या पाठ्यपुस्तकात विषमता एका प्रकरणात, कुटुंब दुसऱ्यात, जणू ती उंबरठ्याबाहेरच थांबते. याचा मला खरंच संताप येतो.

'ठरवणारी तू कोण?' या तुझ्या प्रश्नाचं उत्तरही सापडलंय. दाब सैल झाला की माणसं कशी वागतात ते बघा, असं ल्यूक्सच सुचवतो. बाबा महिनाभर बाहेर असले की घरात काय बदलतं? जेवणाची वेळ? आईच्या मैत्रिणी येतात? ती मोठ्याने हसते? काहीच बदलत नसेल तर तुझं खरं. बदलत असेल तर तिला काहीतरी हवं होतं, आणि तिने ते मागितलं नाही. पण मुलीला स्वतःच्या आईवर पाळत ठेवायला सांगायचं? ते माझ्या जिभेवर येत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? अप्पांचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. लेकीला आशीर्वाद.

सोमवारी ती मुलगी पुन्हा येईल. त्याआधी लिही, नाहीतर फोन कर. तिच्या जागी तू असतीस तर आईला विचारलं असतंस का, एवढंच सांग.

तुझी,
सुलभा