बर्फाखालच्या ऊबदार पाण्याविषयी : एका उत्तराबद्दल जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार, वि. वि.

समुद्राच्या खोलातले ऊबदार पाणी वरचा बर्फ का वितळवत नाही, हे विचारणारे पत्र मी गेल्या पावसाळ्यात आपल्याला पाठवले होते, ते आपल्या लक्षात असेलच असे नाही. पण त्याला आलेले आपले सात पानी, हाताने लिहिलेले उत्तर आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहे, आणि त्याच्या कडा आता मुलांच्या बोटांनी मळल्या आहेत. आपले आभार खासगीत मानून मोकळे होता आले असते. परंतु माझी चूक जाहीर होती. उन्हाने हवा तापली की ध्रुवाकडचा सागरी बर्फ वरून वितळतो, एवढेच सांगून मी शाळेच्या वार्षिक अंकातला लेख संपवला होता. तेव्हा तिची दुरुस्तीही चारचौघांतच व्हावी, असे मला वाटते.

प्रसंग आपल्याला कळवलाच होता. नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांनी 1893 ते 1896 या काळात ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेऊन आर्क्टिक महासागरात वाहू दिले, आणि बर्फाखाली खोलवर तापमापक सोडले तेव्हा साधारण दोनशे मीटरच्या खाली शून्य अंशाहून ऊबदार पाणी सापडले, ही हकिकत मी नववीच्या वर्गात साहसकथा म्हणून रंगवून सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, गरम पाणी वर येतं ना? मग ते वर येऊन बर्फ वितळत कसा नाही?” मी “पुढच्या तासाला सांगतो” म्हणालो. पुढचे तीन तास मी नकाशे भरून घेण्यात काढले.

आपल्या उत्तराचे पहिलेच वाक्य असे होते, की उष्णतेच्या आधी मिठाचा विचार करावा. गोठणबिंदूच्या आसपासच्या थंड पाण्यात जड कोण आणि हलके कोण हे तापमानापेक्षा क्षारतेवर, म्हणजे पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणावर, जास्त ठरते, आणि म्हणून अटलांटिकमधून ग्रीनलंडच्या पूर्वेकडील फ्राम सामुद्रधुनी व नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रामार्गे येणारे ऊबदार पण खारट पाणी आर्क्टिकमध्ये पोहोचल्यावर थंड पण कमी खाऱ्या पाण्याच्या खाली बुडी मारते, हे आपण आमच्याच खाडीच्या उदाहरणाने समजावलेत. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी वरच्या अंगाला राहते आणि भरतीचे खारे पाणी खालून आत सरकते, हे इथल्या मासेमारी करणाऱ्या घरांतल्या मुलांना पाठ्यपुस्तकाआधीच ठाऊक असते. ओब, येनिसेई आणि लेना या सायबेरियातल्या नद्या आर्क्टिकमध्ये तेच काम करतात. बर्फाला लागून असलेले पाणी उणे 1.8 अंशांच्या आसपास, म्हणजे गोठण्याच्या काठावर असते. त्याच्या खाली क्षारता झपाट्याने वाढत जाणारा पट्टा, आणि त्याही खाली साधारण 150–200 पासून 800–900 मीटरपर्यंत अटलांटिकचे ऊबदार पाणी. आर्क्टिकचा सगळा सागरी बर्फ अनेकदा वितळवता येईल इतकी उष्णता त्या पाण्यात आहे. उष्णता कमी आहे असे नाही. ती वर पोहोचत नाही.

आपण सुचवलेला प्रयोग आम्ही केला, आणि पहिल्यांदा तो फसला हेही सांगतो. लोणच्याच्या उंच काचेच्या बरणीत बिटाच्या रसाने रंगवलेले कोमट मिठाचे पाणी घेतले, पण वरचे थंड गोडे पाणी मी घाईने ओतले आणि सगळी बरणी गुलाबी झाली. दुसऱ्या वेळी त्याच मुलीने चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून धार सोडली. या वेळी लाल आणि नितळ पाण्याची सीमारेषा इतकी स्वच्छ दिसली की वर्ग काही क्षण गप्प झाला. वर सोडलेले बर्फाचे खडे बराच वेळ तरंगत राहिले, खाली कोमट पाणी असूनही. मग एका मुलाला मी बरणी ढवळायला सांगितली, आणि खडे पाहता पाहता दिसेनासे झाले. पाण्यात नव्याने उष्णता घातली नव्हती, फक्त वरच्या थंड गोड्या पाण्याचे झाकण मोडले होते.

मात्र मला सर्वाधिक उपयोगी पडला तो आपला हिशेब. बर्फाच्या तळाला दर चौरस मीटरमागे एक वॉट उष्णता सतत वर्षभर मिळत राहिली, तर सुमारे 10 सेंटीमीटर जाडीचा बर्फ वितळतो, किंवा तेवढा नवा बर्फ तयारच होत नाही. घरात रात्री जळणारा छोटा एलईडी दिवा अर्ध्या वॉटचा असतो. म्हणजे चौरस मीटरभर बर्फाखाली असे दोन दिवे. मुलांनी हे गणित फळ्यावर स्वतः सोडवले. त्यानंतर आपण पाठवलेले आकडे त्यांना वेगळे समजावावे लागले नाहीत : आर्क्टिकच्या युरेशियाकडील खोऱ्याच्या पूर्व भागात खालून वर येणारा हिवाळी उष्णताप्रवाह 2007–08 मध्ये दर चौरस मीटरला 3 ते 4 वॉट होता, तो 2016–18 मध्ये 10 वॉटच्या वर गेला. तिथे झाकण पातळ होत आहे, अटलांटिकचे पाणी वर सरकत आहे.

झाकण मोडते कशाने, यावर आपण दोन पाने खर्ची घातली आहेत आणि ती मी अजूनही पुन्हा पुन्हा वाचतो. बर्फ विरळ झाला की वाऱ्याला पाणी घुसळायला मोकळे रान मिळते. शिवाय उघडे पाणी सूर्यप्रकाशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शोषून घेते, आणि ती उष्णता शेजारच्या बर्फाचा तळ खाते. 2007 च्या उन्हाळ्यात अलास्काच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट समुद्रात काही ठिकाणी बर्फाच्या खालच्या अंगानेच दोन मीटरच्या आसपास वितळण झाली. म्हणजे माझ्या लेखातला सूर्य खोटा नव्हता, तो फक्त आडवाटेने खालून येत होता.

कोंग्सफ्योर्डची गोष्ट मात्र आमच्या मुलांना सगळ्यांत जवळची वाटली. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या अरुंद, खोल खाडीच्या काठी न्यू-ओलेसुंड इथे 2008 पासून आपल्या देशाचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. एकेकाळी या खाडीचा आतला भाग हिवाळ्यात गोठत असे. 2006 च्या हिवाळ्यात बाहेरून अटलांटिकचे ऊबदार पाणी आत घुसले आणि तेव्हापासून तिथे पूर्वीसारखा बर्फ क्वचितच धरतो. त्याच खाडीत जुलै 2014 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची नांगरलेली वेधशाळा बसवली. तिचा कारभार वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे, हे कळल्यावर एका मुलाने वास्को आपल्यापासून किती तासांवर आहे ते विचारले.

अंटार्क्टिकाबाबत आपण मला आवरलेत, त्याचे विशेष आभार. वेडेल समुद्रात 1974 ते 1976 असे सलग तीन हिवाळे बर्फाच्या मधोमध सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर उघडे पाणी राहिले, आणि ते खोलातली उष्णता वर आल्यामुळे राहिले, हे वाचल्यावर 2023 मधली अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरी बर्फाची विक्रमी घटही मी त्याच खात्यावर मांडून मोकळा होणार होतो. आपण समासात लाल शाईने लिहिलेत : “समुद्राचा वाटा आहे, वाऱ्यांचाही आहे. वाटणी ठरलेली नाही. तुम्ही ठरवू नका.” ते वाक्य मी लेखातून काढले.

दुरुस्त केलेला लेख यंदाच्या अंकात छापला आहे, प्रत सोबत पाठवत आहे. ती मुलगी आता दहावीत आहे आणि परवा तिने मला व्हरांड्यात थांबवून विचारले, की बर्फ वितळून जे गोडे पाणी होते ते वरच साचून झाकण पुन्हा जाड करत नाही का, आणि करत असेल तर वितळणे आपोआप थांबायला नको का. या वेळी मी “पुढच्या तासाला” म्हणालो नाही. तिचा प्रश्न तिच्याच अक्षरात या पत्राला जोडला आहे.

आपला नम्र,
भूगोलाचा एक शिक्षक