गॅमा कॅमेरा किरण सोडत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्हा रुग्णालयातल्या नव्या गॅमा कॅमेऱ्याची बातमी काल वाचली. यंत्र आले याचा आनंद आहे. पण ‘शरीरात गॅमा किरण सोडून निदान करणारे यंत्र’ हे वाक्य छापले कसे गेले? हे यंत्र काहीही सोडत नाही. टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे इंजेक्शन रुग्णाला दिलेले असते, किरण त्याच्याच अंगातून येतात आणि कॅमेरा ते टिपतो. यंत्राच्या धास्तीने स्कॅन टाळणारी माणसे मी नोकरीभर पाहिली. त्यांना आणखी घाबरवू नका.

‘आता निदान अचूक होणार’ हेही घाईचे आहे; ते यंत्राची निगा कशी राखली जाते यावर ठरते. कॅमेऱ्यातल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर किरण आदळला की प्रकाश चमकतो. स्फटिकामागच्या, प्रकाश टिपणाऱ्या कोणत्या ट्यूबला तो किती मिळाला यावरून किरण कुठे पडला ते कळते, आणि सगळ्या ट्यूबांची बेरीज म्हणजे त्याची ऊर्जा. हा कॅमेरा शोधणाऱ्या हॅल अँगर यांची 1950च्या दशकातली ही युक्ती आजही चालते. टेक्नेशियमचा किरण 140 किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. शरीरातच धडकून वाट बदललेला किरण ऊर्जा गमावून येतो आणि जागा खोटी सांगतो. म्हणून साधारण 126 ते 154 एवढ्याच ऊर्जेची मर्यादा (विंडो) ठेवतात, बाकीचे किरण मोजायचेच नाहीत.

मी होते त्या रुग्णालयात वीजबिल वाचवायला कॅमेऱ्याच्या खोलीतला एसी रात्री बंद ठेवायचा हुकूम निघाला. तापमान हलले की ट्यूबांचे गणित बिघडते, स्फटिक तडकूही शकतो, हे मी लेखी दिले. उत्तर आले नाही. एके सकाळी कॅमेऱ्याची रोजची चाचणी लावली, तर जिथे सगळीकडे सारखा करडा रंग दिसायला हवा तिथे ट्यूबांचे गोल गोल ठसे! त्या दिवशी मी एकाही पेशंटला इंजेक्शन देऊ दिले नाही. मेमो मला मिळाला, ‘रुग्णांची गैरसोय केली’ म्हणून. एसीबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. तो मेमो मला अजून खुपतो.

आपल्या बातमीदाराने फीत कापणाऱ्यांची नावे ओळीने दिली आहेत. त्या खोलीचा एसी रात्रंदिवस चालणार का, रोजची चाचणी कोण करणार, तंत्रज्ञाची पदे भरली का, हे कृपया जाऊन विचारावे.

आणि सोबत छापलेला फोटो एमआरआय यंत्राचा आहे. तेवढी दुरुस्ती तरी उद्याच्या अंकात यावी.

आपली,
एक निवृत्त तंत्रज्ञ, ठाणे
(नाव छापू नये)