मूर्खहस्ते न दातव्यम्

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

"दिवसभर शिक्के मारण्यापलीकडे तुम्ही ग्रंथपाल करता तरी काय?" असं विचारलंस ना? या आठवड्यात शिक्केही फारसे मारले नाहीत. आपला कोकणातला पाऊस तुला ठाऊकच आहे. भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी. कपाटं उघडून एकेक पुस्तक कोरड्या फडक्याने पुसतोय, पंख्याखाली उभं करतोय आणि वेखंडाच्या पुरचुंड्या मागे सरकवतोय. नाकात वेखंड इतकं बसलंय की चहालाही तोच वास येतो.

काल चरित्रग्रंथांच्या एका देखण्या संचातून कसर निघाली. चमकली आणि शिवणीत शिरली. गंमत बघ, पुस्तक खाते ती कसर आणि नंतर आपण भरून काढतो तीही कसर! ही दुसरी अरबीतून आली, मूळ अर्थ मोडणं, अपूर्णांक.

असं काही सुचलं की पुसायचं काम राहतं बाजूला आणि मी कोश काढून बसतो. शाई म्हणजे फारसी 'सियाही', काळेपणा. म्हणजे आपले मास्तर लाल शाईने शेरे मारायचे ते खरं तर लाल काळ्याने! आणि दप्तर? शाळेचं असो की पुण्यातलं पेशवे दप्तर, शब्द फारसीतून आला, पण त्याच्याही मागे ग्रीक 'डिफ्थेरा' आहे, म्हणजे कमावलेलं कातडं. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून घटसर्पाला डिप्थेरिया म्हणतात, तोही याच घरचा. पाठीवरचं दप्तर आणि घशातला रोग सख्खे चुलत निघाले.

'ग्रंथ' मात्र आपला. ग्रथन करणं, ओवणं, बांधणं. ताडपत्रांना भोक पाडून दोरी ओवायची नि गाठ मारायची. म्हणून तर जुने लेखनिक पोथीच्या शेवटी श्लोक लिहीत: मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, आणि मूर्खाच्या हाती देऊ नको, असं पुस्तक सांगतं. हाताने नक्कल करणाऱ्याचा जीव तुटणारच.

पण आमच्या ग्रंथालयशास्त्राचे गुरू रंगनाथन नेमकं उलट सांगून गेले. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून 'मला परत शिकवायला जाऊ द्या' म्हणू लागले! पुढे लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचं, म्हणजे सुटे भाग जोडून हवं ते बनवायचं खेळणं पाहून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची किल्ली सापडली. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पहिलं, पुस्तकं वापरासाठी आहेत. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. यात मूर्ख कोण ते ठरवायला जागाच ठेवलेली नाही. (पाचवं सूत्र म्हणजे ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आमची वाढ सध्या जिन्याखाली चालू आहे.)

मला त्या श्लोकाचं नि या सूत्रांचं भांडण रोज देवघेवीच्या टेबलावर दिसतं. स्टँडसमोर भजी तळणारे एक काका आमचे वर्गणीदार आहेत. रहस्यकथा नेतात आणि पानापानावर तेलाची बोटं उमटवून परत आणतात. नियमाप्रमाणे दंड घ्यायला हवा. मी एकदा ते डाग नीट पाहत गेलो. सुरुवातीला एखाददुसरा, मग वाढत वाढत खुनाच्या उलगड्याशी अख्खा पंजा! त्या घाण्याची भजी त्या दिवशी करपली असणार. दंड काही मी मागितला नाही, नुसतं वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलं.

आणि कसर निघाली त्या संचाच्या मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. कोरी.

आता काका आले की त्यातला पहिला खंड त्यांच्या हातात ठेवून बघणार आहे. खून नाही त्यात, पण भाऊबंदकी भरपूर आहे.

गणपतीला येशील तेव्हा मुंबईहून चांगलं वेखंड आण, पाव किलो तरी. इथलं दोन पावसाळे जुनं आहे, कसर त्याला आता जुमानत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिक्केवाला