काकूंचे स्वेटर आणि खारघरची हवा

नौपाडा, ठाणे
५ ऑक्टोबर

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुझ्याकडे पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. काकूंची ट्रंक नाशिकहून खारघरला आणलीस, फार बरं केलंस. त्यातलं टोपडं, मोजे, दुपटं नातीसाठी काढायचं ठरवलंस, हे ऐकून तर मला भरूनच आलं. हाताने विणलेली वस्तू अंगावर यायला हवी, ट्रंकेत राहायला नको. फक्त काढली आणि मशीनमध्ये टाकली, असं करू नकोस.

एक लक्षात ठेव. नाशिकला स्वेटर घालून घालून झिजतात, आपल्याकडे ते ठेवून ठेवून खराब होतात. खारघरला डोंगराच्या कुशीत पाऊस किती पडतो, ते या वर्षी तू पाहिलंसच. लोकर हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत शोषून घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. म्हणून चार महिने बंद कपाटात ठेवलेला स्वेटर वरून छान दिसतो आणि घडीच्या आत कुबट वास धरून बसलेला असतो. ऑक्टोबरची ही कोरडी उन्हं म्हणूनच वाया घालवू नकोस. धुणं, वाळवणं, नीट ठेवणं, सगळं याच दिवसांत उरकायचं.

आधी कशात काय आहे ते ओळख. घरी विणलेल्या कपड्याला लेबल नसतं आणि दुकानात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची असते. विणून झाल्यावर आत ओवून टाकलेलं टोक असतं ना, त्यातला अर्ध्या बोटाएवढा धागा काप, चिमट्यात धर आणि मोरीपाशी जाऊन काडी लाव. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर खरी लोकर. कागद जळल्यासारखा वास आला तर सुती. वितळून कडक काळा मणी झाला की ॲक्रिलिक. प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचून ठेव, म्हणजे पुढे तुझ्या लेकीला पुन्हा हे करत बसावं लागणार नाही.

आता खऱ्या लोकरीचं. तिच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, आणि मग स्वेटर आटतो, जाड होतो, टाके दिसेनासे होतात. त्यावर काही उपाय नाही. म्हणून पाणी मनगटाला गरमही लागू नये आणि गारही लागू नये, साधारण ३० अंश. या दिवसांत आपल्या टाकीचं पाणी असंच असतं, गीझर लावूच नकोस. धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी सारखंच कोमट हवं. नेहमीची पावडर नको, कारण तिच्यात बहुतेक वेळा प्रथिनांचे डाग तोडणारी एन्झाइम्स असतात आणि लोकर हे स्वतःच प्रथिन आहे. ब्लीचचा तर थेंबही नको, त्यात लोकर विरघळते. ईझीसारखं लोकरीचं लिक्विड आण, किंवा रिठे रात्रभर भिजवून पाणी गाळून घे. रिठ्याचं पाणी तपकिरी असतं, त्यामुळे पांढऱ्या कपड्यांना लिक्विडच बरं. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर साबणाची वडी वापरू नकोस, तिचा चिकट साका टाक्यांत बसतो.

धुण्याआधी स्वेटर जुन्या चादरीवर पसर आणि कडेने दोऱ्याचे धावते टाके घालून त्याचा आकार चादरीवर घेऊन ठेव. मग तो उलटा करून पाण्यात बुडव, हलके हलके दाब, दहा मिनिटं तसाच राहू दे. चोळायचं नाही, पिळायचं नाही. उचलताना नुसत्या खांद्यांना धरू नकोस. भिजलेली लोकर जड असते, बाह्या लगेच लांबतात. न्हाऊ घातलेलं तान्हं बाळ उचलतो तसं दोन्ही हात खाली घालून उचल. मग कोरड्या टॉवेलवर ठेव, टॉवेलसकट गुंडाळी कर आणि वरून दाब. बरंच पाणी टॉवेल ओढून घेतो. नंतर त्याच चादरीवर, त्याच आकारात बसवून पंख्याखाली सावलीत वाळव. रिब, म्हणजे कडेची ताणली जाणारी पट्टी, दोन्ही हातांनी जवळ सारून ठेव. दोरीवर वाळत घालू नकोस, पांढरी लोकर उन्हात ठेवू नकोस, पिवळी पडते.

ॲक्रिलिकचं फार कौतुक करावं लागत नाही. जाळीच्या पिशवीत घालून गार पाण्यात मशीनच्या नाजूक फेरीवर धुतलं तरी चालतं. इस्त्री मात्र नको. आमच्या शेजारच्या बाईंनी नातवाचा स्वेटर लाँड्रीत दिला, त्यांनी त्यावरून गरम इस्त्री फिरवली. वेलबुट्टी होती ती सपाट झाली, कापड लुळं पडलं, आणि ते कायमचंच.

क्रोशाचं टेबलक्लॉथ आणि तोरण सुती असणार. सूत धीट असतं, त्याला गरम पाणी सोसतं. पण ठेवून देण्याआधी खळ पूर्ण धुऊन काढ. खळ खायला झुरळं आणि सिल्व्हरफिश दोन्ही येतात. सणाला बाहेर काढशील तेव्हा परत खळ दे.

बाळाच्या कपड्यांचं आता नीट वाच. काकूंनी ट्रंकेत डांबरगोळ्या घातल्याच असतील. त्या वासाचे कपडे नातीला घालू नकोस. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि जोराची कावीळ होते. आपल्या बाळात ते कमी आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. धुऊन वाऱ्यावर दिवसेंदिवस ठेव, आणि वास पुरता गेला नाही तर ते कपडे नुसते आठवण म्हणून जप, बाळाला नको. मोजे घालण्याआधी दर वेळी उलटे करून बघ. आतला सुटा धागा इवल्याशा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा बंद होतो, आणि बाळ का रडतंय हे कुणाला उमगत नाही.

कसरीबद्दल, म्हणजे लोकरीच्या पतंगाबद्दल विचारलं होतंस. तिची अळी लोकर खाते, घामाचे आणि दुधाचे डाग तर तिला विशेष आवडतात, म्हणून न धुतलेलं काही ठेवायचं नाही. शंका असेल तो कपडा पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेव, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नकोस, नाहीतर थंड लोकरीवर बाष्प जमतं. ठेवताना प्लॅस्टिक नको, जुन्या सुती साडीत गुंडाळ. हँगरला तर टांगूच नकोस. आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर हलव, आपल्याकडे पाऊस त्याच भिंतीवर येतो.

लाल-पांढरी शाल मात्र अजून भिजवू नकोस. ओला पांढरा रुमाल लाल भागावर दाबून बघ, रंग उतरतो का ते. शिवाय तिचं टोक उसवलंय म्हणालीस, ते धुण्याआधी पक्कं करायला हवं, पाण्यात टाका सुटत सुटत पुढे जातो. ते काम मी करते. रविवारी दुपारी पनवेल-ठाणे लोकल धर आणि शाल घेऊन ये. त्याच लोकरीचा उरलेला गुंडा ट्रंकेत तळाशी असेल, तोही शोधून आण.

तुझीच,
वसू