सूचना: कॅमेऱ्याचं फुटेज ग्रुपवर टाकू नये
सर्व सभासदांना नमस्कार.
लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचे फोटो "ही कोण? कोणाकडे आली होती?" असं विचारत ग्रुपवर फिरताहेत. हे ताबडतोब थांबवावं. कॅमेरे चोरीमारीला आळा बसावा म्हणून लावलेत, कुणाची मुलगी किती वाजता घरी आली हे बघायला नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच एकमताने सांगितलंय. फुटेज खरंच हवं असेल तर कारण लिहून समितीकडे अर्ज द्यावा.
आणखी एक. घरकामाच्या ताईंकडून आधारची पूर्ण झेरॉक्स घेऊ नका; शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साइटवरून डाउनलोड होतं. आधीच्या झेरॉक्स त्यांना परत कराव्यात.
– सचिव